मुल्जिम की मुजरिम?

1997 साली 'गुप्त' आला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. जालन्यात थिएटरच्या दारात तीनच्या खेळासाठी रांगेत उभे होतो आणि बाराचा खेळ सुटत होता. बाहेर पडणाऱ्या पोरांपैकी एकाने रांगेकडे बघून खुनी कोण ते मोठ्याने ओरडून सांगितले. रांगेतून त्याला शिव्यांची लाखोली वाहिली गेली, पण रांग मात्र कुणी सोडली नाही. खुनी ठाऊक असूनही आम्ही शेवटपर्यंत श्वास रोखून बसलो. रहस्यपटाची गोडी नुसत्या उत्तरात नसते, उत्तरापर्यंत पोचण्यात असते, हे तेव्हा सांगता आले नसते. पण कळले होते.

आमच्या घरात सिनेमा चांगला मानला जात नसे. दादांना मात्र जासूसी सिनेमाचा षोक होता. डोळे अधू झाल्यावर ते आमच्याकडून उर्दू अखबार वाचून घेत. एकदा चोरीची बातमी सांगताना, पोलिसांनी पकडलेल्या माणसाला आम्ही 'मुजरिम' म्हटले. दादांनी हात वर करून थांबवले. "मुजरिम नक्को बोल, मुल्जिम बोल. अभी फैसला कां हुआ?"

मुल्जिम म्हणजे ज्याच्यावर इल्जाम आहे तो. मुजरिम म्हणजे ज्याच्यावर जुर्म शाबीत झाला तो. दोन शब्दांमध्ये एक पूर्ण अदालत उभी असते. पुढे आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवू लागलो, तेव्हा हा फरक आम्हाला अनेकदा फळ्यावर लिहावा लागला. पण आम्ही तो शिकलो दादांकडून, आणि दादा तो दोन ठिकाणी शिकले होते. एक कचेरी, दुसरे सिनेमाघर.

दादांचे बालपण निजामाच्या राज्यात गेले. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची आणि न्यायदानाची भाषा झाली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत जालना, अंबड, भोकरदन, परतूरचा माणूस न्याय मागायला जाई तो उर्दूच्या दारात. तो मराठी बोलणारा कुणबी असो की दखनी बोलणारा विणकर, जिरह, गवाह, दफा, फैसला हे शब्द त्याच्या कानावर पडत. यातले काही जुलमाच्या आठवणींशीही जोडलेले आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मराठीनेही न्यायाचे बरेच शब्द याच घराण्यातून फार आधीपासून घेतले आहेत. फिर्याद, वकील, जामीन, दावा, तारीख, कैद, जप्ती यांना आज कुणी परके म्हणत नाही. 'गुन्हा' हा शब्दही तसाच. उर्दूत गुनाह म्हणजे पाप. त्याचा हिशोब अल्लाहकडे. मराठीने त्याला पोलीस ठाण्यात आणून बसवले.

अशा कानांना जासूसी कथा परकी वाटणे शक्य नव्हते. अलाहाबादहून 1952 साली इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' सुरू झाली. तिच्या पहिल्या कादंबरीचे नावच 'दिलेर मुजरिम'. लेखक त्याच वर्षी पाकिस्तानात गेले, पण फरीदी आणि हमीद ही त्यांची जोडी इकडच्या वाचकांच्या घरात राहिली. मराठी वाचकाकडे तेव्हा बाबूराव अर्नाळकर होते. त्यांच्या रहस्यकथांची संख्या हजाराच्या वर गेली. धाकट्याने उर्दू पुस्तक उशीखाली लपवावे आणि शेजारच्या पाटलाच्या मुलाने मराठी, इतकाच काय तो फरक.

पडद्यावरही ही कथा रुजत होती. 1943 च्या 'किस्मत'मध्ये अशोक कुमारने खिसेकापू रंगवला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो सिनेमा तीन वर्षांहून अधिक काळ चालला. 1956 साली राज खोसला यांचा 'सी.आय.डी.' आला. त्यात कोठडीतल्या संशयिताच्या मृत्यूचा आळ खुद्द इन्स्पेक्टरवर येतो आणि काल तपास करणारा आज मुल्जिम होतो. वर्दी बेगुनाहीचा पुरावा नसते आणि फाटका सदरा गुन्ह्याचा पुरावा नसतो, हे या सिनेमांनी प्रेक्षकांना व्याख्यान न देता सांगितले.

दादांचा सर्वांत लाडका सिनेमा मात्र 'कानून'. 1960 सालचा, बी. आर. चोप्रांचा. ज्या काळात गाण्यांशिवाय सिनेमाची कल्पना करता येत नसे, त्या काळात यात एकही गाणे नव्हते. संवाद लिहिले होते अख्तर-उल-ईमान यांनी. आधुनिक उर्दू नज्मेतले हे मोठे नाव. 1962 साली त्यांना 'यादें'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उर्दूचा शायर पोटासाठी सिनेमाकडे गेला, असे आपण सहज म्हणून जातो. पण 'कानून'मधली जिरह ऐकावी. शब्द तोलून टाकलेला आहे, आवाज चढला तरी वाक्य घसरत नाही.

कथा अशी की एका सावकाराचा खून होतो. खून करताना एका वकिलाने ज्याला पाहिले, तो साक्षात न्यायाधीश, त्याच्या होणाऱ्या बायकोचा बाप. पकडला जातो मात्र एक भुरटा चोर. ही चोराची भूमिका आपल्या नाना पळशीकरांनी केली आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. चोर गरीब आहे, घटनास्थळी सापडला आहे, आधीचा बदनाम आहे. त्याला फासावर द्यायला सगळे तयार आहेत. दादा सांगत, थिएटरात बसलेल्या माणसालाही तोवर वाटत असते की झाले, मिटले. मग वकील उभा राहतो. शेवट आम्ही सांगणार नाही. थिएटरबाहेर ओरडणाऱ्या त्या पोरासारखे पाप आम्हाला नको. एवढेच सांगतो की डोळ्यांनी पाहिलेलेही खरे नसू शकते, हे हा सिनेमा डोळ्यांनीच पाहायला लावतो.

1969 साली यश चोप्रांनी 'इत्तेफाक' केला. तोही बिनगाण्यांचा, त्याचेही संवाद अख्तर-उल-ईमान यांचेच. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार पावसाळी रात्री एका अनोळखी घरात शिरतो. आपण घाबरतो ते त्याला. खरे तर आपण घाबरतो त्याच्यावरच्या इल्जामाला.

रहस्यपटाची मजा ती हीच. तो आपल्याला संशय घ्यायला लावतो, मग आपलाच संशय उघडा पाडतो. पहिला संशयित जवळजवळ कधीच खुनी नसतो. आपण हसत बाहेर पडतो, कारण आपली चूक झाली आणि त्यात कुणाचा जीव गेला नाही.

पुढे सिनेमा बदलला. चकमकीत माणसे टिपणारा पोलीस नायक झाला आणि पडद्यावरची अदालत आक्रसत गेली. खलनायक कोण हे शोधायची गरज अनेकदा उरली नाही. टोपी, सुरमा आणि नाव पडद्यावर आले की थिएटरला उत्तर मिळू लागले. सगळे सिनेमे तसे नव्हते, आजही नाहीत. पण जिथे संशयच नाही तिथे रहस्य कसले?

आणि थिएटरबाहेर चुकीची किंमत फार असते. 2006 च्या मालेगाव बॉम्बस्फोटानंतर नऊ मुस्लिम धरले गेले. बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली. 2016 साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तेव्हा त्यांतला एक जण या जगात नव्हता. ही उदाहरणे आम्ही एकमेकांना सांगतो, सांगायलाच हवीत. पण आमची खरी परीक्षा दुसरी आहे. 27 ऑगस्ट 2004 रोजी, जुम्म्याच्या दिवशी, आमच्याच जालन्यात कादरिया मशिदीवर बॉम्ब फेकला गेला. जखमी झालेले आमचे होते. त्या खटल्यातले आरोपी पुढे निर्दोष सुटले. मग बॉम्ब टाकला कुणी, हा प्रश्न उरतो, तो विचारण्याचा आमचा हक्क उरतो आणि संतापही उरतो. तरीही, अदालतीने सोडलेल्या माणसाला आम्ही मुजरिम म्हणावे का? मालेगावच्या माणसांसाठी जो शब्द आम्ही जपून वापरायला सांगतो, तो इथेही जपून वापरला तरच त्या शब्दाला वजन राहते. हे लिहिताना आमचा हात जड होतो, हे कबूल करतो.

1860 सालची ताजीरात-ए-हिंद 1 जुलै 2024 पासून गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. सिनेमात गाजलेली दफा 302 आता खुनाची दफा राहिली नाही. वर्गातली मुले मात्र अजून तोच आकडा बोलतात, कारण तो त्यांनी जुन्या सिनेमातून उचलला आहे. मोबाइलवर कुणाला तरी धरून नेतानाची चित्रफीत येते आणि मधल्या सुट्टीत एखादा मुलगा ओरडतो, "सर, मुजरिम पकडा गया!"

आम्ही खडू उचलतो. फळ्यावर दोन शब्द लिहितो आणि दोहोंच्या मध्ये बरीच जागा सोडतो. मुले विचारतात, सर, मध्ये काय लिहायचे? आम्ही म्हणतो, तिथे गवाह येतील, वकील येईल, जिरह होईल. बसा. सिनेमा अजून संपलेला नाही.