स्टिम्पसनसाहेबांची पट्टी

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचं रिकामपण, असं माझं वर्षानुवर्षं मत होतं. २०२५ च्या जूनमध्ये लेकीकडे पिट्सबर्गला होतो, तेव्हा जावयांनी टीव्हीसमोर बसवलं. जवळच ओकमाँटला यूएस ओपन चालू होती. शेवटच्या होलवर जे. जे. स्पॉनचा चेंडू भोकापासून तब्बल ६४ फुटांवर. दोन फटक्यांत घातला असता तरी जिंकला असता. पठ्ठ्याने एकातच घातला!

मी म्हटलं, नशीब. जावई म्हणाले, "बाबा, आधी हॉवलँड साधारण त्याच रेषेवरून खेळला. ते बघून ह्याला अंदाज आला." 'शेजारच्याच्या वहीत डोकावू नका' असं जन्मभर सांगणाऱ्या मास्तराला हे पचायला जड गेलं, पण नियमात बसतं म्हणे. लांबच्या पटाला खरा प्रश्न वेगाचा. चेंडू मंदावला की उताराकडे जास्त झुकतो, त्यामुळे वेग चुकला की रेषाही चुकते.

पुढची गोष्ट मात्र माझ्या विषयातली. १९३५ ची यूएस ओपनही ह्याच ओकमाँटला झाली. जीन साराझेनचा पट हिरवळीवरून घरंगळत वाळूच्या खड्ड्यात गेलेला एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी खेळाडूने पाहिला. हिरवळ नको इतकी वेगवान आहे अशी त्याची खात्री झाली, पण सिद्ध कसं करणार? त्याने खाच असलेली लाकडी पट्टी बनवली. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि सपाट जागी किती फूट जातो ते मोजायचं. बस्स! अमेरिकन गोल्फ संघटनेने १९७६ मध्ये ती ॲल्युमिनियमची करून घेतली आणि १९७८ मध्ये मैदानं राखणाऱ्यांच्या हाती दिली. म्हणजे चाळीसेक वर्षांनी.

(एका वर्षी इतिहासाची प्रश्नपत्रिका फार कठीण निघाली म्हणून मी लेखी तक्रार केली होती. "पुरावा काय?" असं उत्तर आलं. मुलांचे चेहरे पाहिले होते, एवढंच माझ्याजवळ होतं. त्यातला एक मुलगा पुढे शाळेत आलाच नाही. असो.)

१९३५ ला जिंकला सॅम पार्क्स, तिथलाच, हिरवळी पायाखालच्या. त्याचे २९९ फटके. बाकी कुणालाच ३०० च्या आत येता आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी जावयांनी पुठ्ठ्याची खाच करून मागच्या अंगणात चेंडू सोडला. जेमतेम दोन फूट गेला. "गवत कापा आधी," लेक आतून म्हणाली.