विजारीच्या आसनात दडलेला इतिहास

१/ घरच्या घरी पहिल्यांदा विजार शिवू पाहणारा माणूस हमखास अडतो तो आसनापाशी. पायांच्या दोन नळ्या शिवणे सोपे असते. त्या जिथे एकत्र येतात, तेथे उठता-बसता येईल इतकी सैल जागा काढणे हे खरे कसब. या धाग्यात विजारीचा एकेक भाग हाती घेऊ आणि तो कोठून आला, ते पाहू.

२/ आमच्या आष्टीत नवशिक्याला सांगितली जाणारी रीत साधी आहे. (ही बीड जिल्ह्यातली आष्टी. १८१८ मध्ये बापू गोखले जेथे धारातीर्थी पडले, ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातली.) अंगाला नीट बसणारी जुनी विजार उसवावी, तिचे भाग वर्तमानपत्रावर ठेवून आखावेत, शिलाईपुरती जागा भोवती सोडावी आणि मग नवे कापड, तेही आधी धुऊन, कापावे. उसवलेल्या विजारीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा वर चढलेला दिसतो. खाली बसताना तेथेच कापड अपुरे पडते, म्हणून ही तजवीज.

३/ हाच प्रश्न सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी मध्य आशियात सोडवला गेला. शिनजियांगमधील तुर्फानजवळ यांगहाय येथील दफनभूमीत लोकरीच्या विजारी सापडल्या. त्यांवरील संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचा काळ इ.स.पू. तेरावे ते दहावे शतक असा ठरला. त्या विजारीला कात्री लागलेलीच नाही. दोन पाय आणि मधले रुंद आसन असे तीन तुकडे मागावरच हव्या त्या आकारात विणून एकमेकांस जोडले होते. इतके रुंद आसन कशासाठी? संशोधकांचे उत्तर : घोडेस्वारीसाठी.

४/ पुढे विजार घोड्यामागोमाग फिरली. इ.स.पू. ३०७ मध्ये चीनमधील झाव राज्याचा राजा वूलिंग याने आपल्या सैन्याला उत्तरेकडील भटक्या स्वारांचा पोशाख घालायला लावला आणि दरबाऱ्यांचा रोष पत्करला. आपल्याकडे कुषाण राजांच्या नाण्यांवर लांब अंगरखा, विजार आणि जाड बूट असा स्वाराचाच वेश दिसतो.

५/ आता एक लोकप्रिय समज तपासू : ‘शिवलेला कपडा भारतात सुलतानांबरोबर आला.’ पुरावे वेगळे सांगतात. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर तांब्याच्या सुया मिळाल्या आहेत. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंच्या सुया आणि सुया ठेवण्याच्या नळ्या यांविषयी नियम आहेत. मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे चीवराचे तुकडे जोडावेत, ही रचना बुद्धाच्या सांगण्यावरून आनंदाने केली, अशी कथाही तेथे येते. आपल्याच मराठवाड्यातील अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेली नर्तकी बाह्यांचा शिवलेला पोशाख घालून नाचते आहे. सुई अवगत असूनही लोक धोतर आणि साडी नेसत राहिले, कारण उष्ण हवेत ते सोयीचे होते. अज्ञानाचा येथे संबंध नाही.

६/ मराठवाड्याचा आणखी एक साक्षीदार म्हणजे शिंपी कुळात जन्मलेले संत नामदेव. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदे आहेत. त्यांतील एका पदात मन हा गज आणि जीभ ही कात्री होते, आणि त्यांनी यमाचा फास कापला जातो. ही प्रतिमा ज्यांना उमगावी, त्या श्रोत्यांना शिंप्याची हत्यारे परिचित असणारच.

७/ मग सुलतानी आणि मोगल काळाने काय दिले? नवे कपडे, नवे काप आणि त्यांची नावे. सुरवार, तुमान, पायजमा, नेफा, अस्तर, खिसा हे सारे शब्द फारसीच्या वाटेने आले. ‘विजार’ तर मूळचा अरबी ‘इजार’, म्हणजे कमरेला गुंडाळायचे न शिवलेले वस्त्र. मराठीत येईपर्यंत त्याला दोन पाय फुटले. बटणाचे ‘काज’ आणि ‘इस्त्री’ पोर्तुगिजांकडून आले. ‘पाटलोण’ इंग्रजांकडून आली, पण तिचे नाव इटालियन प्रहसनातील पांतालोने या व्हेनिसच्या म्हाताऱ्या पात्रावरून पडलेले. उलट दिशेने आपला पायजमा इंग्रजीत गेला. १९४८ पर्यंत निजामी राज्यात असलेल्या आष्टीत शिवणाऱ्याच्या तोंडी हे सारे शब्द एकत्र नांदले. एका विजारीत चार भाषांचे टाके आहेत. त्यांतला ‘परका’ टाका उसवायला गेलो, तर अंगावर काहीच उरणार नाही.

८/ घरी शिवणे सोपे केले ते यंत्राने. १८३० मध्ये फ्रान्सच्या तिमोनिए याने शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. पोट बुडेल या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यातील यंत्रे फोडली. १८५१ मध्ये सिंगरने पेटंट घेतले आणि पुढे हे यंत्र हप्त्याने घरोघरी पोहोचले. १८६३ मध्ये अमेरिकेत बटरिक याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. आपले वर्तमानपत्रावरचे आखणे त्याच जातीचे. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही शिलाई यंत्राला अपवाद मानले होते.

९/ शिंप्यांची भीती मात्र खोटी नव्हती. आज तिचे नाव ‘रेडिमेड’ आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. अशा मुलखात घरातले शिलाई यंत्र म्हणजे गाव न सोडता चार पैसे मिळवण्याची एक वाट आहे. ती वाट अरुंद होते, तेव्हा मिळकतीबरोबर आसन, नेफा, काज हे शब्द आणि त्यांमागचे हातांचे ज्ञानही झिजते. हे ज्ञान दफ्तरखान्यात सापडत नाही, कारण ते कोणी फारसे लिहिलेच नाही.

१०/ म्हणून, मित्रहो, एक काम करा. घरातली एक जुनी विजार उसवा आणि तिचे तुकडे आजी-आजोबांसमोर किंवा गल्लीतल्या शिंपीकाकांसमोर मांडा. प्रत्येक तुकड्याला ते काय म्हणतात, ते जसेच्या तसे लिहून घ्या आणि गावाच्या नावासह येथे खाली नोंदवा. मग त्याच तुकड्यांवरून नवी विजार कापायला घ्या.