शब्दवेध : भरपाई

‘नुकसान’ अरबी, फारसीमार्गे आलेले. ‘भरपाई’ मात्र भरणे आणि पावणे या घरच्या क्रियापदांची. शब्द पुरते भरून देण्याची हमी देतो, कायदा ती सगळीकडे पाळत नाही. विरार लोकलमधून पडून दोन्ही हात गेले, तर 2017पासूनच्या दराने रेल्वे दावा न्यायाधिकरण 8 लाख देते. मग पडलेला माणूस गवंडी असो की सर्जन. हेच विरार फाट्यावर, महामार्गावर घडले, तर मोटार अपघात न्यायाधिकरण वय, कमाई, औषधपाणी, यातना असे सारे मोजते. या ठरीव रकमेसाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे खरेच. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा बुडत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये सांगितले. पण चूक न विचारणे वेगळे, नुकसान न मोजणे वेगळे. त्या 8 लाखांना ‘ठरीव मदत’ म्हणावे.