आकाशांतील फसवें सुख

आपल्या प्रकृतीची खरी स्थिति आपणांस जितकी कळते तितकी परक्यास कळत नाहीं, असा सर्वसाधारण समज आहे. जमिनीवर तो बऱ्याच अंशीं खराही असतो. परंतु मनुष्य आकाशांत उंच चढूं लागला तेव्हां हाच समज प्राणघातक ठरला. वैमानिकाची वैद्यकीय परीक्षा कां घ्यावी लागते, याचें एक मूळ विमानाच्या जन्मापूर्वीं घडलेल्या एका दुःखद प्रसंगांत सांपडतें.

ता. १५ एप्रिल १८७५ रोजीं पॅरिसहून 'झेनिथ' नांवाचें बलून आकाशांत चढलें. टोपलींत क्रोसे-स्पिनेली, सिव्हेल आणि गास्तों तिसांदिये असे तिघे होते. ते अविचारी साहसी नव्हते. आदल्या वर्षीं पहिल्या दोघांनीं शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याच्या लोखंडी कोठडींत बसून, हवा विरळ होत गेली म्हणजे शक्ति कशी मंदावते व प्राणवायु घेतांच ती कशी परत येते, याचा अनुभव घेतला होता. म्हणूनच त्यांनीं प्राणवायुमिश्रित हवेच्या पिशव्या बरोबर घेतल्या. एवढा सांठा पुरणार नाहीं, असें बेरनें पत्रानें कळविलें. पण पत्र उशिरां पोंचलें. सांठा थोडा, म्हणून तो खऱ्या निकडीच्या वेळेसाठीं राखावयाचें ठरलें. घात झाला तो येथेंच. कारण ती निकड वेळेवर भासलीच नाहीं.

साडेसात हजार मीटरांच्या सुमारास शरीर निश्चेष्ट होऊं लागलें. पण तिसांदियेनें पुढें लिहून ठेवल्याप्रमाणें, त्याला वेदना होत नव्हत्या कीं भय वाटत नव्हतें. उलट मन आनंदानें भरून गेलें होतें. प्राणवायूची नळी तोंडाशीं न्यावी म्हटलें, तों हात उचलेना. आठ हजार मीटर झाले, हें ओरडून सांगावें म्हटलें, तों जीभ हलेना. पुढें शुद्धच हरपली. शेवटीं तो पुरता सावध झाला तेव्हां दोघे सोबती गतप्राण होऊन पडले होते. बलून सुमारें ८,६०० मीटर चढलें होतें. तिसांदिये वांचला, पण बहिरा झाला.

उंचावर हवेंतील प्राणवायूचें शेंकडा प्रमाण बदलत नाहीं. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरांवर तो निम्म्यावर येतो, आणि रक्तांत पुरेसा प्राणवायु शिरत नाहीं. त्याची झळ मेंदूला लवकर लागते. आणि धोका ओळखावयाचा तोही मेंदूनेंच! पहारेकरीच आधीं झोंपीं जातो. बेरनें ही मीमांसा १८७८ च्या आपल्या ग्रंथांत सप्रमाण मांडली.

पहिल्या महायुद्धांत या धड्याला व्यवहाराचें रूप आलें. अमेरिकेंत मिनिओला येथें १९१८ सालीं लष्करी वैद्यकीय प्रयोगशाळा चालूं झाली. तेथें उमेदवारास तीच कोंडलेली हवा पुनः पुनः श्वसनास देत आणि प्राणवायु घटत असतां तो कितपत नीट काम करतो, हें वैद्य पाहत. 'मी ठीक आहें' या त्याच्या शब्दावर निकाल अवलंबून नसे.

आजच्या प्रवासी विमानांत यंत्रानें दाब राखतात. तरी तो सुमारें २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका उतरूं शकतो. निरोगी माणसास तो सहसा बाधत नाहीं. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार अथवा तीव्र रक्तक्षय असलेल्यानें मात्र, घरीं बरें वाटतें एवढ्यावर न विसंबतां, निघण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घ्यावा. दाब एकाएकीं गेला तर प्राणवायूचा मुखवटा आधीं स्वतः लावावा, मग शेजारच्या मुलास, असें विमानांत सांगतात. त्यांत स्वार्थ नाहीं. गुदमरल्यासारखें वाटेपर्यंत जो थांबेल त्याचा हात मुखवट्यापर्यंत पोंचेलच असें नाहीं, हें 'झेनिथ'मधील दोघांच्या मृत्यूनें जगास दाखविलें आहे.