मुलाँ रूझ : सहा महिन्यांचे हॉटेल

२४ मे १९५५ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास शहरात ‘मुलाँ रूझ’ हे जुगारघर असलेले ११० खोल्यांचे हॉटेल उघडले. तोवर तेथील बड्या हॉटेलांना कृष्णवर्णीयांचे गाणे चाले, मुक्काम चालत नसे. तमाशा गावात, कलावंत गावकुसाबाहेर, तसेच हे. येथे मात्र काळे-गोरे एका टेबलाशी बसले. मुष्टियोद्धा जो लुई भागीदार होता. पण नोव्हेंबरमध्येच कर्जापायी हॉटेल बंद पडले.

त्याच वर्षी १ जूनला आपल्याकडे अस्पृश्यता (गुन्हे) कायदा अमलात आला. हॉटेलात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरले. तेव्हा हैदराबाद राज्यात असलेल्या आमच्या बीड जिल्ह्यालाही तो लागू झाला. वेगळी कपबशी मात्र लगेच उठली नाही.

मार्च १९६० मध्ये डॉ. जेम्स मॅकमिलन यांनी मोर्चाचा इशारा दिला. मग त्याच मुलाँ रूझमध्ये बैठक झाली आणि बड्या हॉटेलांनी बंदी उठवली.

१९२७ साली महाडला प्रश्न नुसत्या पाण्याचा नव्हता. येथेही तो जुगाराचा नव्हता. धंद्याने दिलेली समता सहा महिन्यांत कर्जात बुडाली. संघटनेने मिळवली, ती टिकली. कायदा हाती असलेल्या आपण हे विसरू नये.