अंधाऱ्या हौदांतील भाऊबंदकी

शेण किंवा सांडपाणी बंद हौदांत कोंडून ठेविलें म्हणजे त्यांतून जळाऊ वायु निघतो, हें आतां शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. त्या अंधारांत राज्य कोणाचें, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांस फार उशिरां सुचला.

१७७६ सालीं व्होल्टा यानें मॅजोरे सरोवराच्या कांठचा चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे धरले व ते पेट घेतात असें दाखविलें. हाच मिथेन. पुढें १८९५ सालीं डेल्फ्ट येथें बाइयेरिंक यास एक निराळाच जंतु सांपडला. आपण प्राणवायूनें श्वास घेतों, तसा हा सल्फेटानें घेतो, व सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड सोडतो. बाइयेरिंकचाच शिष्य सोंगेन यानें १९०६ मध्यें हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन करणाऱ्या जंतूंचें वर्णन केलें. दोघांच्या कुंडल्या एकाच घरांत मांडल्या गेल्या, पण त्यांचें वैर कळण्यास आणखी कित्येक दशकें जावीं लागलीं!

हें वैर अन्नाचें आहे. हायड्रोजन व ॲसेटेट हीं दोघांसही हवींत. १९८२ मध्यें थाउअर व त्याच्या सहकाऱ्यांनीं मोजून दाखविलें कीं, हायड्रोजन अत्यंत विरळ झाला तरी सल्फेटवाले तो ओढून घेतात. मिथेनवाल्यांस तें साधत नाहीं. म्हणूनच समुद्रतळाच्या गाळांत सल्फेट संपतें त्या थराखालींच मिथेन सांठतो. ॲसेटेटवर मात्र हौदांतील मिथेनवाले पुष्कळ काळ तग धरितात.

महाराष्ट्रास हा केवळ पोथींतला वाद नव्हे. पुष्कळ साखर कारखान्यांत उंसाच्या रसास गंधकाचा धूर देतात. त्याचा अंश मळींत उतरतो, आणि मद्यार्क काढल्यावर उरलेल्या पाण्याबरोबर वायुकुंडांत येतो. एक किलोग्रॅम सल्फेट पुरतें खर्ची पडलें तर हिशेबानें सुमारें २३० लिटर मिथेन बुडतो; शिवाय जो वायु मिळतो तो इंजिनाचें लोखंड खातो, व कुंडांत उतरणाऱ्या कामगाराचा जीवही घेऊं शकतो.

परंतु यास वैर म्हणून थांबणें आम्हांस अपुरें वाटतें. १९३६ मध्यें बार्कर यानें ज्याचें वर्णन केलें तो मद्यार्कापासून मिथेन करणारा जंतु एक नसून दोन आहेत, असें ब्रायंट, वोलिन व वुल्फ यांनीं १९६७ सालीं सिद्ध केलें: एक हायड्रोजन सोडी, दुसरा तो तत्काळ खाई. दहा वर्षांनीं ब्रायंटनेंच पाहिलें कीं, सल्फेट न मिळाल्यास सल्फेटवाला जंतुही हेंच करतो; हायड्रोजन सोडून मिथेनवाल्यास पोसतो, व तो हायड्रोजन उचलला जातो म्हणूनच स्वतःही वाढतो. त्याच १९७७ सालीं वोज व फॉक्स यांनीं मिथेनवाले बॅक्टेरियांच्या कुळांतलेच नव्हत असें दाखविल्यानें भाऊबंदकी हा आमचा शब्दही लटका पडतो. हौदांत पुन्हा सल्फेट आलें, कीं तोच शेजारी पोसणें सोडून लुटूं लागतो.