निसर्ग: खाडीच्या पलीकडचे तास

२ जून २०२०, दुपार. वादळ किनाऱ्यावर यायला साधारण २४ तास बाकी.
अरबी समुद्रातल्या कमी दाबाचं चक्रीवादळ झालं. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाचं, १३ देशांच्या नव्या यादीतलं पहिलंच.

संध्याकाळ. १८ तास.
होड्या वर ओढल्या जातात. एनडीआरएफच्या तुकड्या पोचल्या आहेत. टाळेबंदीच्या दिवसांत माणसं मास्क लावून शाळांमध्ये हलतात. ही सगळी लगबग वाळूच्या पट्ट्यावरची. रायगडमधलं माणगाव किनाऱ्यावरच्या दिवेआगरपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आत. तिथे वादळ म्हणजे टीव्हीवरची बातमी. समुद्राचं पाणी इथवर येत नाही, हे खरंच. पण पत्रे उडायला पाणी कशाला हवं?

३ जून, पहाट. ७ तास.
आता तीव्र चक्रीवादळ. आतल्या गावांना करण्यासारखं अजून बरंच आहे: पत्र्यांचे हूक आवळणं, घरावर झुकलेल्या फांद्या छाटणं, पंप चालतोय तोवर पाणी भरणं, मोबाईल चार्ज करणं, कच्च्या भिंतीच्या घरातून म्हाताऱ्यांना पक्क्या घरात नेणं. कशालाही पैसा फारसा लागत नाही. लागते ती वेळेवर मिळालेली खबर, आणि 'आपल्याकडे काय व्हायचंय' हे न म्हणणारा एखादा सरपंच.

दुपारी साडेबारा.
अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर येऊ लागलं. वारे ताशी शंभर किलोमीटरच्या वर. अडीचपर्यंत ते किनारा ओलांडत होतं. श्रीवर्धन-मुरूडकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीची नवी बाग धरायला काही वर्षं जातात.

अडीचनंतर.
जमिनीवर आल्यावर खालून मिळणारी समुद्राची वाफ तुटली की वादळ मरू लागतं. पण तासाभरात नाही. म्हसळा, माणगावची कौलं-पत्रे गेले, विजेचे खांब वाकले. वीज गेली, मागोमाग रेंज. पुढची सूचना द्यायची कशावर? दवंडीची सोय गावांनी केव्हाच मोडीत काढली.

संध्याकाळ.
केंद्र आता पुण्याच्या पश्चिमेला. मावळातली पॉलिहाऊसं फाटली. पुणे जिल्ह्यातही माणसं दगावली, त्यात भिंत कोसळून गेलेलं एक. मुंबईचा विमानतळ पुन्हा सुरू झाला आणि मुंबई वाचल्याच्या बातम्या लागल्या. रायगडच्या आतल्या गावांत त्या बघायला वीज नव्हती. काही ठिकाणी पुढे कित्येक आठवडे आली नाही.